एकशे पंधरावा गोल

फुटबॉलचा मला लहानपणापासून राग आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे. मी कोल्हापूरची. आमच्या पेठेत पोरं धड चालायच्या आधी चेंडूला लाथ मारायला शिकतात, आणि माझे वडील हेमचंद्र सरनोबत, म्हणजे आमचे आबा, पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे सेंटर फॉरवर्ड. तालमीसाठी त्यांनी जेवढे गोल केले तेवढे अजून कुणाला जमलेले नाहीत, असं पेठेतली माणसं सांगतात. आबा स्वतः त्यावर अवाक्षर काढत नाहीत.

मी चौथीत असताना त्यांनी खेळणं थांबवलं. आईला वाटलं, चला, आता रविवारी तरी माणूस घरात दिसेल. कसलं काय. जेवण झालं की खांद्याला कापडी पिशवी लावून स्वारी मैदानाकडे. पिशवीत काय आहे असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "शेंगदाणे." माझे वाढदिवस, मावशीकडची बारशी, घरातली पूजा, सगळं मॅचची वेळ बघून ठरायचं. आई चिडून चिडून शेवटी चिडायची दमली. मी नाही दमले.

म्हणून नवरा मी पारखून घेतला. आशुतोष पुण्याचा. चेंडू कुठल्याही आकाराचा असो, याचा त्याच्याशी संबंध नाही. आम्ही आयर्लंडला आलो, ॲथलोनला घर घेतलं. मी इथल्या मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात क्वालिटी बघते, तो घरी बसून सॉफ्टवेअर लिहितो. फुटबॉल सुटला असं मी धरून चालले होते. मग तीन वर्षांपूर्वी वरची खोली भाड्याने द्यायची ठरली आणि खोली बघायला कोण आलं, तर वेल्सची सेंटर फॉरवर्ड.

कॅरिस पेन्री तिचं नाव. आपल्या आजोबांनी शाळेत ज्या दगडी पाटीवर गिरवलं, तसल्या दगडाच्या खाणींचं तिचं गाव आहे, उत्तर वेल्समध्ये. तिथे घरांची छपरंसुद्धा पाटीची. बारा वर्षांची होईपर्यंत ती मुलांच्या संघात खेळली. मग बारानंतर मुलींनी मुलांबरोबर खेळायचं नाही असा नियम पुढे आला आणि तिला घरी पाठवलं. दोन वर्षं ती खाणीच्या भिंतीवर चेंडू मारत बसली. पुढे वेल्सची लाल जर्सी मिळाली, इंग्लंडच्या मोठ्या क्लबने उचललं, आणि सगळं छान चाललं असताना गुडघा गेला. क्लबने फुलं पाठवली आणि करार संपवला. "एक सीझन खेळते" म्हणून ती ॲथलोनच्या शॅननबँक क्लबात आली, त्याला आता आठ वर्षं झाली. वय सदतीस. हा शेवटचा सीझन, मग गावी जाऊन मुलींना शिकवायचं, हे तिने मार्चमध्येच सांगून टाकलं होतं.

आल्यावर पहिली पाच वर्षं ती ब्रीडा किलडफकडे राहिली. ब्रीडा म्हणजे शॅननबँकची चहावाली. पासष्टीची, बुटकी, कमरेला कायम एप्रन. मॅचला आणि शनिवारच्या प्रॅक्टिसला चहाच्या खिडकीमागे उभी राहून ती सगळ्या गावाला चहा आणि दटावणी देते. कॅरिसच्या गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात उशाशी बसलेली होती ती ब्रीडा. ब्रीडाची थोरली बहीण आजारी होऊन तिच्याकडे राहायला आली, खोली गेली, म्हणून कॅरिस आमच्याकडे आली. अजूनही दर बुधवारी ती जेवायला ब्रीडाकडेच जाते.

आणि त्या चहाच्या खिडकीवर एक लाकडी पाटी आहे. तिच्यावर सोनेरी रंगात लिहिलंय, क्लबसाठी सर्वाधिक गोल, ब्रीडा किलडफ, एकशे चौदा. बायकांना पुरुषांच्या उतरलेल्या जर्सी घालून खेळावं लागायचं, त्या काळातले गोल.

आबा ऑगस्टमध्ये तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. येताना चटणी, मसाला, खर्डा आणि ती खांद्यावरची पिशवी. दुसऱ्या दिवशी कॅरिस प्रॅक्टिसहून आली, आबांनी तिच्या बुटांकडे बघितलं, तिने आबांच्या वाकड्या नडगीकडे बघितलं, आणि माझ्या घरात पुन्हा फुटबॉल सुरू झाला. आबांचं इंग्रजी जेमतेम, पण त्यांचं काही अडलं नाही. टेबलावर वाट्या, पेले खेळाडूंसारखे मांडून दोघं रात्रीचं जेवण थंड करायची. तांबडा रस्सा नाक पुसत पुसत ओरपणारी वेल्सची मुलगी बघून आशुतोष म्हणाला, "मला लग्नानंतर सहा वर्षं लागली याला." आबा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही पुण्याचे. तुम्हाला वेळ लागतोच."

गणपतीच्या आठवड्यात कॅरिसने एकशे चौदावा गोल केला. बरोबरी झाली. आता एक गोल, की विक्रम तिचा.

आणि तिथून गोल बंद. एक मॅच गेली, दुसरी गेली, तिसऱ्या मॅचला पेनल्टी मिळाली. कॅरिसने चेंडू उचलला, जागेवर ठेवला, जरा वेळ उभी राहिली आणि कॅप्टनला म्हणाली, "तू मार." कॅप्टनने मारली. गोल झाला, मॅच जिंकली, पण टाळ्या वाजवणारी माणसं एकमेकांकडे बघत होती.

घरी येताना गाडीत मी तिला विचारलं. म्हणाली, "गुडघा जरा कुरकुरतोय. इट्स ग्रँड, काही विशेष नाही."

ती वर गेल्यावर आबा म्हणाले, "गुडघ्याला काय धाड भरलीय? जिना दोन-दोन पायऱ्या चढत्या की. पोरगी गोल चुकत न्हाई, टाळत्या."

"का टाळेल आबा? एवढी वर्षं खेळली, एक गोल राहिलाय."

"ते मला काय ठावं? तुझ्या क्लबात इचार."

माझा कसला क्लब. पण विचार करायला लागल्यावर मलाही दिसलं. त्या बरोबरीपासून शॅननबँकवर विक्रम या विषयावर कुणी बोलतच नव्हतं. आयरिश माणूस हवेवर तासभर बोलेल, तुमच्या आजीच्या कंबरेवर बोलेल, पण जो विषय समोर बसलाय त्याच्याकडे बघणार नाही. ब्रीडाला वाईट वाटू नये म्हणून सगळे गप्प. चेअरमन तर चहा घेताना मान खाली घालायचा, चुकून वर पाटीकडे नजर जायला नको म्हणून. ब्रीडाचं लग्न झालं नाही, मूलबाळ नाही. गावात तिचं म्हणून जे काही आहे ते त्या पाटीवर आहे, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. कॅरिसने तर सगळ्यात जास्त. जिच्या ताटात पाच वर्षं जेवली, तिचंच नाव खाली ओढायचं तिला जमत नव्हतं. मला तिची दया आली आणि रागही आला. आठ वर्षं राबायचं आणि शेवटच्या पायरीवर दुसऱ्यासाठी बसून राहायचं, हे कुठलं शहाणपण?

मी आबांना हे सगळं सांगितलं. तीच माझी चूक म्हणायची. कारण पुढच्या शनिवारी प्रॅक्टिसच्या वेळी आबा पिशवी घेऊन थेट चहाच्या खिडकीशी गेले, आणि मी मागून पोचेपर्यंत त्यांनी पाटीकडे बोट दाखवून बोलायला सुरुवात केलेली होती.

"मॅडम. युवर रेकॉर्ड. कॅरिस ब्रेकिंग. यू रेडी?"

रांगेत उभी असलेली माणसं एकदम छताकडे बघायला लागली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आबा, चला," मी दबक्या आवाजात म्हणाले. "असं विचारत नाहीत इथे."

"मग कसं इचारत्यात? फेटा कोण बांधणार तिला? चेअरमन? त्याचा काय संबंध?"

आणि त्यांनी पिशवीतून फेटा काढला. मूळचा गुलाबी, धुऊन धुऊन अबोली झालेला. मला वाटलं, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी आणला असणार. त्यांनी तो खिडकीच्या फळीवर ठेवला आणि मला म्हणाले, "हिला सांग."

मग मी सांगितलं. दुसरं काय करणार? आबांच्या तालमीत रीत अशी, की एखाद्याने जुन्या खेळाडूला मागे टाकलं, तर त्याला फेटा त्या जुन्या खेळाडूनेच बांधायचा. अध्यक्षाचा नाही, आमदाराचा नाही, तो मान त्याचाच. आबांनी त्यांच्या वस्तादांना मागे टाकलं त्या दिवशी वस्तादांनी भर मैदानात हाच फेटा त्यांना बांधला होता. आबांना वाटलं होतं की जगात सगळीकडे असंच असतं, आणि ब्रीडा तयारीला लागली असेल.

ब्रीडा कप पुसत राहिली. मग म्हणाली, "ती पेनल्टी. तिने माझ्यासाठी सोडली का?"

मी फेट्याची घडी नीट करायला लागले.

"मी तिच्या गुडघ्यासाठी मेणबत्त्या लावतेय चर्चमध्ये."

"नी गुड," आबा म्हणाले. "व्हेरी गुड नी."

ब्रीडाने कप ठेवायच्या प्रेसचं दार धाडकन लावलं. प्रेस म्हणजे इथे कपाट. आतले कप खुळखुळले. "आठ वर्षं त्या पोरीला जेवू घातलं, ते काय माझं नाव भिंतीवर राहावं म्हणून? आणि तुम्ही सगळे," ती रांगेकडे वळली, "तोंडात मिठाच्या गुळण्या धरून उभे. मी काय काचेची आहे?" मग तिने फेट्याचं एक टोक उचललं आणि ओढत राहिली. कापड संपेना. "केवढं लांब आहे हे? मला शिकवा."

पुढचे दोन आठवडे ब्रीडा कॅरिसच्या प्रॅक्टिसच्या वेळा बघून आमच्याकडे यायची. डोकं म्हणून आशुतोषला बसवायचो. मीटिंग चालू असायची, कॅमेरा बंद करून तो निमूट बसायचा. आबा सांगायचे, "घट्ट ओढा, मॅडम. पुण्याचं डोकं हाय, काय होत न्हाई." ब्रीडाच्या हातून पहिले चार फेटे कानावर उतरले. पाचवा जरा टिकला. शेवटी तिने स्वतःच लांबून बघून म्हटलं, "युअर मॅन इज अ पिक्चर." म्हणजे, गडी अगदी चित्रातला दिसतोय. आशुतोषने त्याचा फोटो काढून पुण्याला सासूबाईंना पाठवला, हे मला नंतर कळलं.

शेवटची मॅच ऑक्टोबरच्या अखेरीला होती. शॅनन नदीवरून गार वारा येत होता. कॅरिस वॉर्मअपला मैदानात आली आणि थबकली. आठ वर्षांत मॅचच्या दिवशी ब्रीडा खिडकी सोडून बाहेर आलेली तिने पाहिली नव्हती. आज ती रेषेजवळ उभी होती, एप्रन नाही, खांद्यावर अबोली रंगाचं कापड.

"तू मला मागे टाकलंस की हे मला तुझ्या डोक्याला बांधायचंय," ब्रीडा म्हणाली. "शिकायला दोन आठवडे गेलेत माझे. वाया घालवू नकोस."

कॅरिसने ब्रीडाकडे बघितलं, मग आबांकडे, मग माझ्याकडे. हसायला गेली आणि तिला रडूच आलं. ब्रीडाने तिला वळवलं आणि पाठीत धपाटा घालून मैदानात ढकललं.

गोल काही फार देखणा झाला नाही, हे मलाही कळलं. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर आला, गोलकीपरच्या हातातून चेंडू निसटला, चारपाच जणी एकदम आडव्या आल्या आणि त्या गर्दीत कॅरिसने पुढे घुसून चेंडू आत ढकलला. कशाने? गुडघ्याने. त्याच कुरकुरणाऱ्या गुडघ्याने. मी उठून ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी फुटबॉलसाठी ओरडले, आणि आशुतोष माझ्याकडे असा बघत राहिला की जणू त्याची फसवणूक झाली आहे.

शिट्टी झाल्यावर ब्रीडाने मैदानाच्या मधोमध फेटा बांधला. कॅरिस उंच, म्हणून तिला गुडघे टेकून बसावं लागलं. वाऱ्याने शेमला उडत होता, फेटा डाव्या डोळ्यावर उतरला. आबा माझ्या शेजारीच होते. त्यांचे हात पुढे झाले. मग त्यांनी ते कोटाच्या खिशात घातले आणि तिथेच ठेवले.

शेवटचा पदर खोचून ब्रीडा म्हणाली, "घे. आता थोडे दिवस तू सांभाळ."

"आणि पुढची?" कॅरिस म्हणाली. "मी तर इथे नसेन."

"तुमच्या वेल्सच्या होलीहेडहून इकडे बोट असते. ऐंशीची झालीस तरी यायचं. फेटा इथे प्रेसमध्ये असेल, कपांच्या वर."

फेटा आमचा आहे, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. मी आबांकडे बघितलं. ते मान डोलावत होते.

चार दिवसांनी आम्ही आबांना डब्लिन विमानतळावर सोडायला निघालो. ते मागच्या सीटवर, मांडीवर ती पिशवी. रिकामी, घडी घातलेली. फेट्याशिवाय ती मला प्रथमच दिसत होती, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"आबा, त्या पिशवीत शेंगदाणे नसायचे."

"असायचे की. वरनं थोडं."

"आणि खाली?"

ते खिडकीबाहेर बघत होते. रस्त्याकडेला गाई ओल्या गवतात बसल्या होत्या.

"वस्तादांनी वाट बघितली माझी," ते म्हणाले. "मग मला नको बघाय? एखाद्या रविवारी कुणी पोरगं गेलं पुढं, आणि मीच न्हाई मैदानात, तर त्याला बांधणार कोण?"

तीस वर्षांचे रविवार. माझे वाढदिवस, मावशीकडची बारशी, आईची चिडचिड. त्या सगळ्या रविवारी हा माणूस आपला विक्रम कुणीतरी मोडावा म्हणून फेटा घेऊन बसलेला होता, आणि कुणी मोडला नाही. मला एवढं भरून आलं की मी गाडी हळू केली. आशुतोषने मागे हात नेऊन आबांच्या गुडघ्यावर ठेवला.

"मग देऊन का टाकलात, आबा?"

"बांधला गेला की. डोळ्यांनी बघितलं." ते समाधानाने हसले. मग पिशवी सरळ करत म्हणाले, "कोल्हापुरात उतरल्या उतरल्या महाद्वार रोडवरनं नवा घ्यायला पायजे. रविवारी मॅच हाय."