चक्कर म्हणून लिहिलेला आजार

कोरियातल्या गुन्सान शहरात एका हॉस्पिटलात भर दुपारी आदेश येऊन थडकला: पाठदुखीची नवी गोळी बंद करा. फिटचा आजार असलेल्यानं ती घेतली, की फिट उसळते. ज्यांना तो आजार आहे आणि ही गोळी दिली आहे, त्यांना ताबडतोब फोन करा.

आता एवढ्या पेशंटांतून नावं काढायची कुणी? तक हेरिमनं! नोंदींच्या विभागात माणसं ढीगभर होती, पण बोलणी खायची वेळ आली की सगळ्यांना नेमकी तीच आठवायची.

प्रत्येक आजाराला एक ठरलेला कोड असतो. फिटचा जी-चाळीस. हेरिमनं तो आणि गोळीचा कोड घालून कॉम्प्युटरला विचारलं. मोजकी नावं आली, नर्सांनी फोन केले, सगळे सापडले. मेंदूचे डॉक्टर प्यो हुश्श करून डब्यात उरलेला किंबाप, म्हणजे भाताची वळकटी, खायला बसले.

हेरिमचं मन मात्र खात होतं. फिटची औषधं घेणारे तर कितीतरी जास्त होते. मग बाकीच्यांचा आजार गेला कुठे? तिनं उलटं विचारलं: आजार काहीही लिहिलेला असू दे, फिटचं औषध आणि ही गोळी, दोन्ही कुणाला चालू आहे? आणखी नावं आली. सगळ्यांपुढे एकच कोड, आर-बेचाळीस. म्हणजे नुसती चक्कर.

"डॉक्टर, चक्करीला फिटचं औषध देता होय तुम्ही?"

प्योंचा घास हातातच राहिला. "हळू बोल गं. लोक हातापाया पडतात. खरं लिहिलं तर गाडीचं लायसन्स जातं, नोकरी जाते, ठरलेलं लग्न मोडतं. म्हणून चक्कर लिहितो. सगळेच लिहितात."

"आणि हाडांच्या डॉक्टरला स्क्रीनवर काय दिसतं? चक्कर! दिली त्यानं गोळी बिनधास्त. वा! फार भलं केलंत लोकांचं!"

तेवढ्यात तिला शेवटचं नाव दिसलं. तक कुवोन. जन्मतारीख तीच, पत्ता तोच. तिचा सख्खा मोठा भाऊ! घरात कुणाला त्यानं पत्ता लागू दिला नव्हता. तायक्वांदोच्या क्लासची पिवळी गाडी चालवायचा तो, आणि शाळा आत्ताच सुटल्या होत्या. हेरिमनं त्याला फोन लावला.

पहिला फोन वाजून वाजून बंद झाला. दुसरा त्यानं उचलला.

"काय गं? गाडीत पोरं आहेत माझ्या."

"दादा, गाडी बाजूला घे."

"का? आईला काही..."

"आई ठणठणीत आहे. पाठीची गोळी घेतलीस आज?"

"घेतली. तुला कुणी सांगितलं?" मग त्याचा आवाज चढला. "माझे कागद उघडलेस तू? लाज नाही वाटत? बहीण आहेस का पोलीस?"

"शिव्या नंतर घाल रे! आधी गाडी उभी कर, किल्ली काढ. पाया पडते तुझ्या."

मागं पोरांचा गोंगाट चालला होता. इंजिन बंद झाल्याचं तिला ऐकू आलं.

"घे, केली उभी. काढली किल्ली. झालं समाधान? आता उशीर झाला म्हणून क्लासचे मास्तर माझी..."

काहीतरी धाडकन आपटलं. पोरं किंचाळली. मग एका मुलीचा रडवेला आवाज आला, "हॅलो? काका थरथरतायत."

"बाळ, घाबरू नकोस. त्यांना धरून ठेवू नका, रस्त्यावर उतरू नका. कुठे आहात तुम्ही?"

"मासळी बाजारासमोर."

प्यो दुसऱ्या फोनवरून ॲम्ब्युलन्सला तोच पत्ता ओरडून सांगत होते. ती येईपर्यंत हेरिम त्या मुलीशी बोलत राहिली.

संध्याकाळी कुवोन शुद्धीवर आला. शेजारी हेरिम होती, आणि खाली मान घालून प्यो.

"पोरं?"

"सगळी सुखरूप घरी गेली."

त्यानं डोळे मिटले. मग विचारलं, "आता काय लिहिलंय माझ्या नावापुढे?"

हेरिमला रडू आवरेना. "जे आहे ते, दादा."

त्याची उजवी मूठ अजून आवळलेलीच होती; नर्सांनाही ती सोडवता आली नव्हती. ती त्यानं सावकाश उघडली आणि गाडीची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"उद्या मास्तरांना देऊन ये," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.