कोळंबीची वाटी

मी कोळंबी रांधते, खेकडे रांधते, कधी मिळाली तर शेवंडही रांधते, आणि यातलं काहीही मला खाता येत नाही. लहानपणी एकदा कोळंबी तोंडात टाकली होती, तर घसा सुजला आणि मला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून कवचाचं काही माझ्या जिभेला लागलेलं नाही. हात लागलेला चालतो, वास चालतो. कोळंबीला बाक आला की उतरवायची, पार वेटोळं झालं की ती रबर झाली, हे डोळ्यांना कळतं. खेकड्याचा रंग बघते, शिंपल्या उघडताना कान देते. एवढ्यावर आमची खानावळ चालते आणि लोक बोटं चाटतात.

मीठ मात्र डोळ्यांना कळत नाही. ते काम लग्नापासून आमच्या ह्यांचं. मी चमचा पुढे करायचा, त्यांनी फुंकर मारून तोंडात घालायचा, आणि दोनांतला एक शब्द बोलायचा: ‘झक्कास’ नाहीतर ‘मीठ’. कुणाचा नवरा दागिने आणतो, कुणाचा फिरायला नेतो. माझा माझ्यासाठी खायचा. मला त्याचा केवढा तोरा होता!

आणि मग हे वाटी घेऊन बाहेर जायला लागले.

“इथं वाफेत काही कळत नाही,” म्हणाले. “जरा वाऱ्यावर चव बघतो.”

मी म्हटलं, बघा. पण वाऱ्यावरून परत आलेला माणूस निराळंच बोलायला लागला. “लसूण आधी लागतो आणि कोळंबी मागून. उलटं हवं.” दुसऱ्या दिवशी, “टोमॅटो आंबट निघालाय, कांदा अजून परतायला हवा होता.” अहो, ज्या माणसानं माझ्या नव्या कपड्यांनाही ‘बरे आहेत’च्या पुढे शब्द खर्चला नाही, त्याला लसणाचं आधी-मागून सुचतं? ही भाषा त्यांची नव्हतीच. ही बाईची भाषा होती. आणि आमच्या मागच्या दारातला वारा थेट शिंपिणीच्या दुकानात शिरतो, हे मला ठाऊक होतं.

शिंपीण एकटी राहते. गळ्यात मोजपट्टी हारासारखी घालते आणि कारण नसताना हसते. तिनं शिवलेलं सगळं मला काखेत दाटतं. इतके दिवस मी त्याला माझं वजन कारण धरत होते. आता मला दुसरंच कारण दिसायला लागलं.

एक दिवस मी ह्यांच्या मागोमाग गेले आणि तिच्या दाराच्या फटीतून बघितलं. मशीनच्या फळीवर माझी वाटी. तिच्या हातात माझा चमचा. तिनं कोळंबी तोंडात घातली आणि डोळे मिटले. समोरच्या स्टुलावर आमचे हे, दोन्ही हात गुडघ्यांवर, जीव डोळ्यांत आणून तिच्या तोंडाकडे बघत बसलेले. माझ्याकडे त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथंच तिची मोजपट्टी ओढावी असं वाटलं. पण चूल चालू ठेवून आले होते, म्हणून परत फिरले.

दुसऱ्या दिवशी मी वाटी भरली आणि तीत मीठ कालवलं. मूठभर. खोटं कशाला बोलू? म्हटलं, कळू दे बाईला वाऱ्याची चव. हे वाटी उचलून निघाले, पण मला काही राहवेना.

“आज एक चमचा इथंच घ्या. बायकोच्या देखत.”

“अगं, वाफेत...”

“घ्या म्हणते ना!”

त्यांनी चमचा भरला. सवयीनं फुंकर मारली. आता थुंकतील, आता पाण्याला धावतील, म्हणून मी कमरेवर हात ठेवून उभी. त्यांनी नीट चावलं, गिळलं आणि माझ्याकडे बघितलं.

“झक्कास,” म्हणाले.

माझे हात आपोआप खाली आले.

“अजून एक घ्या.”

त्यांनी तोही घेतला. “झक्कासच आहे गं.”

मी वाटी हातातून ओढून घेतली. “मूठभर मीठ आहे त्यात.”

ते कांद्याच्या पोत्यावर बसले. “मागे ताप आला होता ना,” म्हणाले, “तो उतरला, पण चव काही परत आली नाही. म्हटलं, येईल चार दिवसांत. गोड कळत नाही, खारट कळत नाही, काहीच कळत नाही.”

“मग सांगायचं नाही मला?”

“काय सांगू? बाजार तू करतेस, चूल तू सांभाळतेस, गिऱ्हाईक तुझ्या नावानं येतं. मी एवढंच करत होतो.”

मला रडू आलं. त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, वेडे आहात तुम्ही. हे सगळं मनापासून. पण मत्सर काही गेला नाही. म्हणजे इतके दिवस माझं भांडं त्या बाईच्या जिभेवर उतरत होतं! मी तशीच उठले, पातेल्यातून ताजी वाटी भरली आणि मागच्या दारानं गेले.

मला बघून शिंपीण मशीनवरून ताडकन उठली. “वहिनी, त्यांनीच शपथ घातली होती हो. मी म्हणत होते, सांगा म्हणून...”

“खा,” मी म्हटलं.

ती बसली. मी समोरच्या स्टुलावर, ह्यांच्या जागेवर. तिनं कोळंबी तोंडात घातली, डोळे मिटले, आणि माझं लक्ष माझ्याच हातांकडे गेलं. दोन्ही गुडघ्यांवर होते. मीही जीव डोळ्यांत आणून तिच्या तोंडाकडे बघत होते.

“मीठ बरोबर आहे, वहिनी.”

“मीठ राहू दे. कशी लागते ते सांग.”

“म्हणजे?”

“मी करते ती कोळंबी. खाताना कशी लागते?”

ती विचारात पडली. काहीतरी सांगायला गेली, थांबली, परत सुरुवात केली. ह्यांना निदान ती चव आठवत तरी असेल, माझ्या मनात आलं.

“खाल्ल्याशिवाय नाही कळायचं हो,” शिंपीण म्हणाली आणि वाटीत बघून तिनं दुसरी कोळंबी उचलली.

तिच्या त्या घासाचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा आजवर कुणाचा वाटला नाही.