सातवीचं वाकडं अंगण

सातवीचा वर्ग म्हणजे मोठ्या बाईंच्या डोक्याला ताप झाला होता. मुलं बाहेर बघतात म्हणून त्यांनी खिडक्यांच्या खालच्या काचा गडद रंगाने रंगवून घेतल्या. बाकं सरकवतात म्हणून ती स्क्रूने जमिनीला पक्की करून टाकली. आता कुठे पळतील! पण कसचं काय, जांभया आणि चुका होत्या तशाच.

शेवटच्या बाकावरची बेकरीवाल्याची मुलगी तर फळ्यावरचं साधं गणितही धड उतरवत नसे. तिला पुन्हा सहावीत बसवायचं, हे बाईंनी पक्कं केलं होतं. उद्या तिच्या वडिलांना बोलावलं होतं.

त्या दिवशी बाईंची धाकटी नणंद शाळा बघायला आली. इमारतींचे आराखडे काढणं हा तिचा व्यवसाय. शाळा सुटली होती, वर्ग रिकामा होता. बाईंनी तिला त्या मुलीची सगळी तक्रार ऐकवली.

"वहिनी, त्या मुलीच्या जागेवर बसा बघू. मी गणित लिहिते."

"मी? या वयात?"

"बसा हो, कुणी बघत नाही!"

गुडघे दुमडून बाई कशाबशा बसल्या. वरच्या काचांतून ऊन थेट फळ्यावर पडलं होतं. फळा नुसता चकाकत होता आणि वही मात्र अंधारात. तीन की आठ? बाई बाक सरकवायला गेल्या. ते कसलं हलतंय!

बाईंचं पहिलंच गणित चुकलं.

"मग काय वहिनी, तुम्हाला बसवायचं का सहावीत?"

बाईंना हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. "अगं, पोरीचं वर्ष वाया घालवणार होते मी!"

"नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना? पण वहिनी, कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं!"

दुसऱ्या दिवशी वडील आले, तेव्हा बाईंनी त्यांची माफी मागितली. त्याच आठवड्यात मुलांनीच काचांचा रंग खरवडला, स्क्रू निघाले, फळा ऊन न पडणाऱ्या भिंतीवर गेला. मुलं आता मधूनच बाहेर बघतात आणि ताजी होऊन परत फळ्याकडे वळतात.

"अगं, फळा दिसत नाही हे आधी का नाही सांगितलंस?" बाईंनी मुलीला विचारलं.

"बाई, मला वाटलं, सगळ्यांना असाच दिसतो."



वाचकहो, तुमच्याआमच्या घरातही अशी पोरं आहेत. त्यांना ढ म्हणण्याआधी एकदा त्यांच्या जागेवर बसून बघा!