एकोणीस नंबरचा काटा

खिडकीतल्या बाईंनी फॉर्म फिरवून मुलीपुढे सरकवला आणि सही करायच्या जागेवर बोट ठेवलं. मुलीने तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, मग बाईंचं बोट उचललं जायची वाट पाहिली आणि फॉर्म अलगद परत आत ढकलला.

"सही करायच्या आधी मला माझी प्रॅक्टिकलची उत्तरपत्रिका बघायची आहे."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"ती नापास झालेले मागतात गं. तुला वीसपैकी वीस आहेत."

"म्हणूनच मागतेय."

मागे उभ्या असलेल्या तिच्या वडिलांनी घसा खाकरला. बाजारात त्यांना सगळे काटेवाले म्हणत. औषधांची दुकानं, सोनार, रंगाचे कारखाने, शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळा, जिथे जिथे काही नेमकं तोललं जाई तिथे ते वर्षातून एकदा प्रमाणित वजनांची लाकडी पेटी घेऊन जात, काटा तपासत आणि बरोबर असला की सही केलेला स्टिकर चिकटवून येत. या कॉलेजचे बावीस काटेही त्यांच्याच यादीत होते. सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याने ओळखून विचारलंही होतं, आज पेटी नाही का म्हणून. आज पेटीपेक्षा मोठं काम आहे, असं काटेवाले त्याला सांगून आले होते.

काम खरंच मोठं होतं. चार वर्षांची फी, वसतिगृह, जेवण, पुस्तकं, सगळं माफ. यादीत पहिलं नाव मुलीचं. पाचच्या आत सही झाली नाही तर जागा दुसऱ्या नावाला जाणार होती, आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते.

बाकावर बसलेल्या आत्याने शेजारच्या अनोळखी बाईंना आपल्या भाचीला जेवणासकट सगळं फुकट मिळाल्याचं सांगून झालं होतं. आता काय खोळंबलंय ते पाहायला ती उठून आली. काटेवाल्यांची ही थोरली बहीण. तिच्या पुढ्यात त्यांचा आवाज अजूनही शाळकरी होई.

"उत्तरपत्रिका बघायची म्हणतेय," त्यांनी सांगितलं.

"मिळतंय ते घ्यायचं सोडून हिला त्याचा एक्स-रे काढायचाय," आत्या म्हणाली. "तुझ्यावर गेलीय."

बाई कपाट उघडायला आत गेल्या. काटेवाले मुलीच्या शेजारी येऊन उभे राहिले. हिच्या डोक्यात काय आहे, याचा त्यांना थोडा अंदाज होता, आणि तो त्यांना आवडत नव्हता.

मुलीने अर्ज केलेलं दुसरं कॉलेज लहान होतं, दोन शहरं पलीकडे, कापडगिरणीच्या जुन्या इमारतीत. दोन्ही कॉलेजांची प्रॅक्टिकल परीक्षा एकत्र, इथल्याच प्रयोगशाळेत झाली होती. उत्तरं कार्बन लावून लिहायची, एक प्रत या कॉलेजची, एक त्या, आणि गुण ज्याचे त्याने द्यायचे. लहान कॉलेजने मुलीला एकोणीस गुण दिले आणि दोन तृतीयांश फी माफ केली. उरलेली फी अधिक राहणं-खाणं म्हणजे काटेवाल्यांची पाच महिन्यांची कमाई, दर वर्षी. त्या कॉलेजची पत्रासोबत उत्तरपत्रिका परत पाठवायची पद्धत होती. तिच्या समासात कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं : "काटा खोटा आहे हे पकडलंत. किती खोटा, ते काढलं नाहीत, म्हणून एक गुण कमी. आल्यावर काढू."

मुलीने त्यांना तेवढीच ओळ वाचून दाखवली होती. खोटा काटा परीक्षेसाठी मुद्दाम ठेवला असेल असं धरून चाललेल्या काटेवाल्यांना तो चिक्कूपणा वाटला होता. सगळ्या वर्गात जिने काटा पकडला तिचाच गुण कापायचा, वर 'आल्यावर' म्हणायचं, जणू ही येणारच. मुलीने मात्र तो कागद कपाटाच्या दाराला आतून लावला होता. कपाटातून कपडे घेताना ती दार उघडे आणि तिथेच हसत उभी राही. एकदा ती एकटीच बसने जाऊन ते कॉलेज बघूनही आली. प्रयोगशाळा दोन खोल्यांची, असं तिने सांगितलं. दुसऱ्या वर्षाची मुलं उपकरणं खोलून बसली होती आणि कुणी त्यांच्यावर ओरडत नव्हतं. इथे तिसऱ्या वर्षापर्यंत काट्याच्या काचेच्या पेटीला हात लावायची परवानगी नव्हती.

बाईंनी उत्तरपत्रिका आणून खिडकीत ठेवली. दोघं वाकले.

अक्षर मुलीचं, कार्बनचं निळं. धातूच्या तुकड्याचं वजन करायचं होतं. डाव्या पारड्यात तुकडा, उजव्यात वजनं : ४७.४२ ग्रॅम. पुढच्या ओळीत तिने अदलाबदल केली होती, तुकडा उजवीकडे, वजनं डावीकडे : ४७.३०. त्याखाली सरासरी, ४७.३६, आणि एक वाक्य : काट्याची डावी दांडी उजवीपेक्षा लांब आहे. ही अदलाबदल तिला कुणी शाळेत शिकवली नव्हती. आठ वर्षांची असताना ती बापाच्या पेटीतली वजनं चिमट्याने उचलायला लागली, तेव्हापासून दोन्ही बाजूंनी तोलल्याशिवाय तोललंच नाही, असं ती समजत आली होती.

पहिल्या आकड्यापुढे लाल बरोबरची खूण होती. दुसऱ्या आकड्यावर, सरासरीवर आणि त्या वाक्यावर मिळून एक लांब तिरपी रेघ. रेघेच्या टोकाला लिहिलं होतं, 'अनावश्यक'. त्याखाली वीसपैकी वीस.

"बघितलंत?" मुलगी म्हणाली. "खोडलंय ते बरोबर होतं. ठेवलंय ते चूक."

आकडे दिसले की काटेवाल्यांचं डोकं आपोआप चालू लागे.

"हजारात सव्वा," ते पुटपुटले. "डावी दांडी हजारात सव्वाने लांब. परीक्षेला एवढा खोटा काटा ठेवला यांनी..."

बोलता बोलता त्यांची नजर वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे चौकटीत मुलीने काट्याचा नंबर लिहिला होता. एकोणीस.

हा नंबर त्यांना चांगला आठवत होता.

यंदाच्या तपासणीला ते इथे आले त्या दिवशी बावीस काटे होते. अठरा होईपर्यंत भांडारातला माणूस किल्ल्या वाजवत तीनदा येऊन गेला होता. शेवटच्या चार काट्यांवर त्यांनी वजनं चढवलीच नाहीत. पारडी रिकामी ठेवून सुई मध्यावर थांबते का तेवढं पाहिलं. चारही सुया सरळ उभ्या राहिल्या. दांडी लहानमोठी असली तरी रिकाम्या काट्याची सुई सरळ राहू शकते, खोट दिसते ती ओझं चढल्यावर, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ते स्वतःच नव्या दुकानदारांना हे समजावून सांगत. त्यांनी चार स्टिकर काढले, सह्या केल्या आणि लावले.

"काट्यावर स्टिकर होता का?" त्यांनी हळूच विचारलं.

मुलगी उत्तरपत्रिकेची घडी सरळ करत राहिली.

"होता."

"सही कुणाची होती?"

"फाटलेला होता. वाचता नाही आली."

काटेवाले आपल्या स्टिकरवर पारदर्शक लाखेचा हात देत. तो नखाने निघत नसे, पाण्याने नाही, स्पिरिटनेही नाही. फाटायचा प्रश्नच नव्हता. आणि ही मुलगी बाजारातून आणलेल्या साखरेच्या वजनातही दोन ग्रॅम इकडचे तिकडे होऊ देत नसे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पाहत नव्हती. परीक्षेच्या त्या दिवशी बापाची सही समोर ठेवून तिने ते वाक्य लिहिलं होतं, आणि चार महिने घरात एक शब्द काढला नव्हता.

"चल," ते म्हणाले. "साहेबांना भेटू."

"बाबा, नको. तेवढं नको."

"चल म्हटलं ना."

विभागप्रमुखांची खोली त्याच मजल्यावर होती. काटेवाल्यांना पाहताच ते खुर्चीतून अर्धे उठले, अभिनंदन म्हणाले, मुलीला बसायला सांगितलं. काटेवाले उभेच राहिले. उत्तरपत्रिकेत काय आहे ते त्यांनी न अडखळता सांगितलं. आपली चूक सांगताना मात्र दोन वेळा थांबले. मी रिकामेच बघितले होते साहेब, ते म्हणाले, चारही. एकोणीस ते बावीस आजच बाजूला काढा, मी पैसे न घेता परत तपासून देतो.

विभागप्रमुखांनी उत्तरपत्रिका लांब धरून पाहिली. मग ते समजुतीने बोलू लागले. नमुना उत्तर त्यांनी स्वतः त्याच काट्यावर काढलेलं होतं. म्हणजे काटा आणि उत्तर एकमेकांशी जुळत होते. मुलीला तर पूर्ण गुण होते. मग नुकसान कुणाचं झालं?

"तुकडा सगळ्यांना तोच फिरवून दिला होता," मुलगी म्हणाली. "माझ्या शेजारच्या मुलाला सहा नंबरचा काटा मिळाला. तो बरोबर होता. त्याने सत्तेचाळीस पॉइंट छत्तीस लिहिलं, तुम्ही त्याचे गुण कापलेत."

"निकाल लागलाय आता."

"उत्तर बदलणार नाही तुम्ही?"

"हे बघ, इथे आलीस की तुला कळेल, एका प्रॅक्टिकलवर जग चालत नाही." ते काटेवाल्यांकडे वळले आणि आवाज खाली आणला. "तुमच्या कंत्राटाचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. मी यातलं काही ऐकलं नाही असं धरू. मुलीचं भलं बघा."

काटेवाल्यांना ती सवलत आहे हे कळलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते दार ओलांडेपर्यंत त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नाही.

बाहेर व्हरांड्यात ते थांबले.

"पावणेपाच व्हायला आलेत. माझ्यामुळे ही जागा सोडू नकोस. मी केलं ते मी निस्तरेन."

"तुमच्यामुळे नाही. तुमची सही नसती तरी मी हेच केलं असतं." मुलीने आवाज चढवला नाही. "यांनी मला वीस दिले ते चुकीच्या उत्तराचे. चार वर्षं मी हेच करायचं का, बरोबर ते खोडून घ्यायचं आणि वर आभार मानायचे? तिकडच्यांनी माझा गुण कापला, पण पूर्ण वाचून कापला. मला तिकडे जायचंय."

आत्याला अर्धंच ऐकू आलं, पण तेवढं तिला पुरलं.

"आणि उरलेली फी कोण भरणार? ते तिकडचे?" ती भावाकडे वळली. "बोल की. तुझं हे गिऱ्हाईकही गेलंच समज."

"गेलं," काटेवाले म्हणाले.

"एवढंच?"

"पाच महिन्यांच्या कमाईचा प्रश्न आहे ताई. आणखी दोन बाजार धरीन, सुट्टीत ही बरोबर असेल. नाही जमलं तर तुझ्याकडेच येईन मागायला. तेव्हा बोल हवं तेवढं."

आत्या पिशवी उचलून पुन्हा बाकावर जाऊन बसली. शेजारच्या बाईंशी ती आता बोलत नव्हती.

खिडकीतल्या बाईंना मुलीचं म्हणणं दोनदा ऐकावं लागलं. नकाराचा फॉर्म आमच्याकडे नाही, त्या म्हणाल्या, आजवर कधी लागलाच नाही. शेवटी त्यांनी एक कोरा कागद दिला. मुलीने उभ्या उभ्याच चार ओळी लिहिल्या, सही केली आणि पालकांच्या सहीसाठी कागद वडिलांपुढे धरला.

काटेवाल्यांनी तो वाचला. मिळालेली शिष्यवृत्ती नाकारत आहे, असं तिने लिहिलं होतं. कारण लिहिलं होतं, 'घरगुती'.

त्यांनी तिच्या हातातून पेन घेतलं. 'घरगुती' या शब्दावर एक सरळ रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी, आणि वर मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं : या प्रयोगशाळेतला काटा क्रमांक एकोणीस खोटा आहे. वीस, एकवीस, बावीस न तपासता सोडले आहेत. तपासणारा मीच. त्याखाली त्यांनी सही केली, स्टिकरवर करत तशी, पूर्ण नावाची.

मुलगी त्यांच्या इतकी जवळ सरकली की तिचा खांदा त्यांच्या दंडाला लागला.

बाईंनी कागद वाचला. मागे वळून पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि खिडकीला तोंड लावून हलक्या आवाजात म्हणाल्या,

"अहो, असं लिहून नका देऊ. हे कायमचं फायलीत राहतं."

"त्यासाठीच लिहिलंय," काटेवाले म्हणाले. "शिक्का मारून पोच द्या."