सात दाण्यांत सात कोंबड्या

वरंधजवळच्या आमच्या वाडीत त्या सकाळी एकही माणूस शेतावर नव्हता. सगळे पुरुष देवळापुढं गोल करून बसले होते, आणि मधोमध बीजानंद स्वामी नावाचे गलेलठ्ठ गृहस्थ कोंडाजीची कोंबडी मांडीवर घेऊन तिच्याशी संस्कृतात बोलत होते. मी वाडीचा शाळामास्तर, संस्कृत मला थोडंफार येतं. ते संस्कृत नव्हतं.

स्वामींनी कोंबडी जमिनीवर आडवी केली, मान दाबून धरली आणि चोचीपासून सरळ पुढं लालभडक दाण्यांची ओळ घातली. मग हळूच हात काढून घेतला. कोंबडी हलेना! डोळे उघडे, पाय लांब, हूं नाही की चूं नाही.

"गेलं!" स्वामी गरजले. "कोंबडीचं सत्त्व दाण्यांत गेलं! अरे, कोंबडी खाते काय?"

"बी," कोंडाजी हात जोडून म्हणाला.

"मग बळ कोणाचं? बीचं! कोंबडी म्हणजे नुसती पिशवी. हे हिमालयातलं बी. एका दाण्यात एक कोंबडी. सात दाणे पोटात, सात कोंबड्यांचं बळ अंगात. आणि ही रिकामी पिशवी घरात ठेवाल तर घराचं सत्त्व ओढून घेईल. इथंच सोडा."

एवढं बोलून त्यांनी दाणे घाईघाईनं ताटलीत वेचले, त्यातले सात कोंडाजीच्या हातावर ठेवले आणि टाळी वाजवली. कोंबडी धडपडून उठली, आणि स्वामींनी ती पाठीमागच्या डालग्यात कोंबली. तिथं आधीच दहा-बारा पिशव्या फडफडत होत्या. काल अशीच दोन डालगी दासगावच्या बंदराकडं गेली होती. मुंबईच्या बोटीवर रिकाम्या पिशव्यांचं काय काम, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

"इटामीन हाय ते!" वाडीतल्या गोमाजीचा पुतण्या सदू म्हणाला. तो मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेला, त्यामुळं त्याला सगळं ठाऊक. "मुंबईत बडे बडे डाक्टर हेच बोलतात. करंट हाय करंट!"

बायका मात्र पार लांब, चिंचेखाली. स्वामींची सक्त ताकीद होती, बाईची सावली पडली की सत्त्व उडतं.

खरं सांगतो, मी चिडलो होतो, पण गप्पही होतो. कोंबडी निजते कशी, हे मला तरी कुठं माहीत होतं? मी आयुष्यात कोंबडी पाहिली ती रश्शात.

तेवढ्यात गोमाजी आपली तांबडी कोंबडी काखेत मारून पुढं आला, आणि मी बसल्या जागेवरून उठलो. त्याची लेक तुळसा बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळंतपणानंतर तापानं तिला असं पिळून काढलं होतं, की अंगावरचं दूध आटलं आणि महिन्याचं पोर रडून रडून निळं पडायचं. महाडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, तुळसाला रोज अंडं द्या, नाचणीचं सत्त्व द्या, अन्न पोटात गेलं तर दूध येईल. घरात अंडी घालणारी कोंबडी एकच, ही तांबडी.

"गोमाजी, अरे डॉक्टर काय म्हणाले?" मी त्याचा हात धरला.

"सत्त्व द्या बोलले की! तुमीच व्हता संगती. ह्ये काय मग? सत्त्वच हाय!"

झालं! डॉक्टरांचा शब्द स्वामींच्या झोळीत जाऊन पडला. आता काय कपाळ फोडून घेऊ?

"थांबा!"

चिंचेखालून रंगूबाई निघाली. गोमाजीची बायको. पदर खोचलेला, चाल अशी की पुरुषांनी बसल्या जागी वाट दिली.

"बाईची सावली!" स्वामी किंचाळले.

"पडू दे. सावलीला काय वजन हाय?" तिनं नवऱ्याच्या काखेतली तांबडी ओढून घेतली. तिची मान पंखाखाली सारली, दोन्ही हातांत धरून तीन झोके दिले आणि जमिनीवर ठेवली. तांबडी गाढ! ना दाणा, ना मंत्र.

गर्दी आ वासून बघत राहिली.

"बघता काय रे? खुडूक कोंबडी नव्या जागी अंड्यांवर बसवायची तर आमी अशीच निजवतो. मान दाबून आडवी घातली तरी निजते. भ्याली की ती मेल्याचं सोंग घेते. माझ्या आयशीनं शिकवलं मला. तिला काय हिमालय ठावा व्हता?"

चिंचेखाली हशा पिकला. राहीबाई तिथूनच ओरडली, "आमाला लांब का उभं केलान ता आता कळला गो!"

रंगूबाईनं टाळी वाजवली. तांबडी उठली, इकडंतिकडं पाहिलं आणि तडक स्वामींच्या ताटलीवर तुटून पडली. हिमालय टकाटक तिच्या पोटात!

"मास्तर, सत्त्व परत गेला बघा कोंबडीत," रंगूबाई म्हणाली.

आता मलाही हुरूप आला. मी चार दाणे उचलून पाण्याच्या तांब्यात चोळले. कुंकू सुटलं, आणि तळाशी राहिली आपली नाचणी. कोंडाजीनं दाणा दाताखाली धरला. "मायला, माझ्याच शेतातली वाटते!"

इतक्यात डालग्यातून कॉक-कॉक-कोकॉक सुरू झालं. सदूनं झाकण उचललं. आत तीन अंडी.

"स्वामी, पिशव्या रिकाम्या व्हत्या ना?"

स्वामी म्हणाले, "ही माया आहे." वाडी म्हणाली, असू दे. कोंबड्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या, आणि कोंडाजीनं स्वामींच्या तळहातावर मोजून सात दाणे ठेवले. "सात कोंबड्यांचा बळ हाय, म्हाराज. येवढ्यावर दासगाव गाठा." असं ऐकतो, की कोसभर गेल्यावर त्यांनी एका घरी भाकरी मागितली.

गोमाजी मान खाली घालून बसला होता. त्याला हसायचं कारण नाही. आजारी लेकीसाठी बाप काय करणार नाही? म्हणून मी त्याला सरळ सांगितलं, जे तुम्हालाही सांगतो. नाचणी चांगलीच, अंडंही चांगलं, पण सात दाण्यांत बळ असतं सात दाण्यांइतकंच. नाचणीचं सत्त्व काढायला मंत्र लागत नाही. ती भिजवावी लागते, वाटावी लागते, फडक्यातून गाळावी लागते, आणि वाटीभर पोटात जावी लागते.

आणि पुढचा चमत्कार दिसेल तेव्हा हात जोडण्याआधी एवढंच विचारा, की ज्यांना त्या कामातलं कळतं, त्यांना लांब कोणी उभं केलंय आणि का? मी मास्तर असून हे विचारलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

दहा-बारा दिवसांनी मी गोमाजीच्या अंगणात गेलो. आतून पोराचं रडणं ऐकू येईना, म्हणून मी घाबरून दारातच थांबलो.

"या मास्तर," रंगूबाई हळूच म्हणाली. "पितोय तो."

तांबडी माझ्या पायाशी नाचणी टिपत होती.