साडेनऊची रेघ

अंगणवाडीताई सावित्रीने काट्याची झोळी दोनदा ओढून पाहिली आणि रियाला तिच्यात बसवलं. अंगणवाडीच्या दारात बंदरामागच्या झोपडपट्टीतल्या बायका दाटीने उभ्या होत्या. जंताच्या गोळीचा दिवस होता. पोरं गोळी चावून एकमेकांना जिभा दाखवत होती, पण बायकांचे डोळे काट्यावर होते.

तीन वर्षांच्या रियाचं वजन साडेनऊ किलोच्या वर गेलं, तर ती घरी राहणार होती. नाहीतर उद्याच ओरोसच्या इस्पितळात चौदा दिवस भरती, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोबत तिच्या आईने, विमलाने, राहायचं. मासेमारी नुकतीच सुरू झाली होती. पंधरवडाभर दिसली नाही, तर जेटीवरची कोळंबी सोलायची विमलाची जागा दुसरी कोणी धरणार. म्हणून महिनाभर ती रियाची नखं कापत होती, पाणी उकळत होती, पेजेत जवळ्याची पूड घालत होती. शेजारणी अंडी आणून देत होत्या.

काटा थरथरला, थांबला.

"नऊ नऊशे," सावित्री म्हणाली.

गलका उठला.

"विमला, चेडवाक उचलूक आता दोन खलाशी ठेव गो," कोणीतरी म्हणालं.

सावित्रीने रियाला उतरवलं, तेव्हा झग्याची किनार तिच्या मनगटावर आपटली. तिने ती चिमटीत धरली. आत गोल गोल काही टणक होतं. टाका शिवणकामाचा नव्हता. ती जाळं विणणाऱ्याची गाठ होती.

तिने बाहेर पाहिलं. रियाचा आजोबा सत्यवान बदामाच्या झाडाखाली जाळं घेऊन बसला होता. हात थांबले होते. विमलाच्या तोंडावर मात्र नुसतं हसू होतं.

"झगो काढ गो तिचो," सावित्री विमलाला म्हणाली. "परत एकदा बघूया."

बायका काट्याजवळ सरकल्या. काटा साडेनऊच्या रेघेपाशी रेंगाळला, ओलांडून गेला.

"नऊ सहाशे."

"तीनशे कमी कशे झाले?" एका शेजारणीने विचारलं.

"झगो जड आसा. पण रेघ गेली मागे."

विमला मटकन खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन हसत राहिली. पोरांनी कारण न कळताच टाळ्या पिटल्या.

झगा घेऊन सावित्री झाडाखाली गेली.

"काकानू, ह्या काय?"

सत्यवान खाली बघत म्हणाला, "पागाचा शिसा. जाळा बुडूक लावतत ता."

"नात शिशाशिवाय पास झाली तुमची. नऊ सहाशे."

म्हाताऱ्याने मान वर केली. मग गुडघ्यावर थाप मारून तो बोळक्या तोंडाने हसला.

"मगे गेल्या खेपेकय उगाच घातलंय म्हण."

सावित्रीचं हसू अर्ध्यावर राहिलं. गेल्या महिन्यात पाऊस होता. पोरगी गारठेल म्हणून तिनेच झगा काढू दिला नव्हता. नऊ तीनशे, तिने लिहिलं होतं. तो आकडा बघून डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली होती; खरा आकडा दिसता, तर त्यांनी तिला तेव्हाच भरती केलं असतं.

"तेवाय इतक्याच शिसा होता?"

"इतक्याच. विमलाक म्हायत नाय. चेडवाक न्हेतीत म्हणान भियालंय. माका तुमचो काटो वाचूक येना नाय. म्हटलंय, जड आसलेला बरा."

अंगणवाडीतून रियाच्या नावाचा पुकारा चालला होता. सावित्रीने झगा हातात तोलला.

"उठा काकानू."

"खंय?"

"आत. काटो वाचूक शिका. येत्या म्हयन्यात तिचा वजन तुमी सांगायचा."

जाळं तिथेच टाकून तो मागोमाग आला. बायकांनी वाट दिली. काट्यासमोर उभं राहून त्याने विचारलं,

"गेल्या खेपेक खंयसर होती ती? खरी?"

सावित्रीने त्याचं बोट धरून नऊवर टेकवलं. मग स्वतःचं बोट साडेनऊच्या रेघेवर ठेवलं. सत्यवान एकदा या बोटाकडे, एकदा त्या बोटाकडे बघत राहिला. मधली पाच घरं त्याने ओठांतल्या ओठांत मोजली, आणि हळूच बोट मागे घेतलं.