‘कलहविचार’चे मुख्य संपादक

“ज्ञान ही कुणाच्या बापाची मालमत्ता नसते!” असे गरजून सरांनी सुनेने तयार केलेला प्रस्ताव पुढे ओढला, ‘मुख्य संपादक’ या शब्दांपुढचे तिचे नाव खोडले आणि त्या जागी स्वतःचे लिहिले. मग पेनाचे टोपण सापडेना, तेव्हा तेही तिलाच शोधायला लावले.

टोपण सरांच्या मांडीखाली होते. वाक्य मात्र सुनेचे होते. सरांच्या निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या भाषणातल्या ज्या वाक्यावर सभागृह उठून उभे राहिले, ते तिने कपडे वाळत घालताघालता सुचवले होते.

सर म्हणजे विद्यापीठातले भाषाविभागाचे माजी प्रमुख. घरात सगळेच त्यांना सर म्हणत. बायको म्हणे, मुलगा म्हणे, दूधवाला म्हणे. मुलगा त्याच विभागात शिकवत असे आणि वडिलांच्या खोलीत शिरताना अजूनही दारावर टकटक करी. सून त्याच विषयातली डॉक्टर. तिचा अभ्यास भांडणांचा. पाण्याच्या रांगेतली, दुकानाच्या गल्ल्यावरची, जिन्यातली, मुलांच्या शाळेच्या फाटकावरची भांडणे ती टिपून आणी आणि माणसे नेमकी कोणत्या शब्दाला चिडतात, कोणत्या शब्दाला विरघळतात हे उलगडून दाखवी. अशा अभ्यासाला वाहिलेले एकही नियतकालिक नव्हते. ते काढायचे, असे तिने ठरवले. नाव ठेवले ‘कलहविचार’. सहामाही.

या घराची एक रीत होती. लिहायचे बाईने, छापायचे पुरुषाच्या नावाने. ही रीत कुठे लिहून ठेवलेली नव्हती. लिहायची असती तर तीही बाईलाच लिहावी लागली असती. सरांच्या प्रत्येक पुस्तकाच्या अखेरीस आभार असत : ‘माझ्या सौ.ने वेळोवेळी चहा दिला, तिच्या ऋणात राहणेच मी पसंत करतो.’ ते त्यांनी खरोखरच पसंत केले होते. सुनेचे पहिले तीन निबंध सरांचे नाव आधी, नवऱ्याचे मग, असे छापून आले आणि तिचे नाव तिसरे, तेही एकदा मुद्रकाच्या हातून गळले. आपल्या वाचकांपैकी कुणाला यात नवल वाटणार नाही, हीच यातली वाईट गोष्ट.

“माझा प्रस्ताव आहे, सर,” सून म्हणाली. “व्याप्ती मी लिहिली, सल्लागार मंडळ मी जमवलं, परीक्षक मी शोधले.”

“मग मी कुठे नाही म्हणतोय? प्रस्ताव तुझा, नाव माझं. कामाची कशी छान वाटणी झाली.”

“अगं, नाव शेवटी आपल्याच घरात राहतं ना,” नवरा म्हणाला.

“कपाटही आपल्याच घरात आहे. त्यात तुझे शर्ट खाली ठेवून माझ्या साड्या वर ठेवू का?”

नवऱ्याने यावर विचार केला आणि तो आंघोळीला गेला. आंघोळ झाली होती तरी गेला.

प्रस्ताव सरांच्या नावानेच गेला. प्रकाशनसंस्थेत नियतकालिकांचे काम पाहणाऱ्या एक बाई होत्या. लेखकमंडळी त्यांना मागून ‘कात्री’ म्हणत; समोर म्हणायची छाती कुणाची झाली नव्हती. त्यांचे उत्तर आले : कल्पना चांगली आहे, पण आधी नमुना अंक पाहू. चार लेख द्या. ते लेखकांची नावे झाकून मुख्य संपादकांकडे येतील, त्यांनी प्रत्येकावर अहवाल लिहावा. मग मी स्वतः घरी येऊन बोलेन आणि काय ते ठरवेन.

सरांनी फर्मावले, “चारांपैकी पहिला माझा तो गाजलेला घ्या. मौनावरचा.”

तो लेख खरोखरच गाजला होता. भांडणात गप्प राहणाऱ्या माणसाविषयीचा. सुनेने नवा टंकलिखित मजकूर पाठवला. लेख इतका प्रसिद्ध की शीर्षकावरूनच ओळखू येईल, म्हणून कात्रीबाईंनी नावाबरोबर शीर्षकही काढून टाकले. स्वतःच्या लेखालाही परीक्षण लागते, ही कल्पना सरांच्या मनाला शिवली नव्हती. आपला लेख थेट छापायला गेला, असे ते धरून चालले.

लेखांचे पाकीट आले तेव्हा सरांनी ते नेहमीप्रमाणे न उघडता सुनेच्या टेबलावर टाकले.

“अहवाल करून ठेव. जरा कडक भाषेत.”

“मुख्य संपादक कोण?”

“मी.”

“मग करा की.” तिने पाकीट तसेच परत त्यांच्या मांडीवर ठेवले.

घरात युद्ध पेटले. सर जेवताना मुलाला सांगत, “तुझ्या बायकोला म्हणावं, आमटीत मीठ कमी आहे.” सून नवऱ्याला सांगे, “तुझ्या वडलांना म्हणावं, अहवालात घालून घ्या.” मधल्यामध्ये नवऱ्याचे जेवण गार होई. सासूबाई मात्र काही बोलत नसत. त्या तशाही फार वर्षांपासून बोलत नव्हत्या. भांडण झाले की पातेली घासायला घेत, घासलेली असली तरी. लोक म्हणत, किती सोशीक बाई आहे!

शेवटी अहवाल सरांनी स्वतःच लिहून पाठवले आणि कात्रीबाई आल्या. बारीक अंगकाठीच्या, केस आखूड कापलेले, खुर्चीच्या टोकाशी बसणाऱ्या. सर ठेवणीतला कोट घालून बसले होते.

“हे नियतकालिक आत्ताच का हवं?” बाईंनी विचारले.

सरांनी सुनेकडे पाहिले. सुनेने खिडकीकडे.

“कारण,” सर म्हणाले, “आत्ता नाही तर केव्हा?”

“परीक्षकांनी वेळेत लेख परत केले नाहीत तर काय करणार?”

“त्यांना माझं नाव सांगायचं.”

बाईंनी काहीतरी टिपले आणि ते वाचता येऊ नये म्हणून त्यावर तळहात ठेवला. “तुमचे अहवाल वाचले. तीन लेखांवर एकच ओळ आहे, ‘ठीक’. पण चौथ्यावर तुम्ही चार पानं लिहिलीत.”

“लिहिणारच! तिघं तरी नम्र होते. हा चौथा फारच शहाणा आहे. म्हणे मौनातसुद्धा भांडण असतं!” सरांना आता रंग चढला. “लेख अत्यंत पोरकट. या माणसानं जन्मात भांडण पाहिलेलं नाही. ऐका, एक नमुना वाचून दाखवतो. ‘गप्प बसणे हा भांडणाचा शेवट नव्हे, ती भांडणातली सर्वांत लांब पल्ल्याची चाल असते.’ आहे का काही अर्थ?”

“‘ती खेळणाऱ्याला सगळे हरलेला समजतात, एवढाच तिचा तोटा,’” मागून आवाज आला.

सासूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. कागद सरांच्या हातात होता, आणि पुढचे वाक्य अगदी तेच होते. आपल्या सासूच्या तोंडून इतके लांब वाक्य सुनेने प्रथमच ऐकले.

“तुला कसं माहीत?” सर म्हणाले.

“मी लिहिलंय.”

“काहीतरी बोलू नकोस. बाई, हा लेख कुणाचा आहे?”

“तुमचा,” कात्रीबाई म्हणाल्या. “तुमचा तो गाजलेला. तुम्हीच द्यायला लावलात.”

सासूबाई शांतपणे चहा ओतत होत्या. नवरा उठून आंघोळीकडे वळू लागला, पण सुनेने त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला खाली बसवले.

“आई, तुम्ही लिहिलात?”

“याच स्वयंपाकघरात. सर तेव्हा परिषदेला गेले होते. शांतता होती. त्यांनी तो वाचला मात्र पहिल्यांदा आत्ताच.” त्यांनी बाईंपुढे कप ठेवला. “आभारात आहे ना मी. चहासाठी.”

एवढे बोलून त्या बसल्या. त्या खोलीत पाहुण्यांसमोर त्या कधी बसल्या नव्हत्या. खुर्ची कुठली घ्यावी हे क्षणभर त्यांना कळले नाही, तेव्हा सुनेने आपली दिली आणि स्वतः उभी राहिली.

“मॅडम, सरांच्या नावाचा प्रस्ताव मी मागे घेते,” ती म्हणाली. “मुख्य संपादक मी असेन, आणि हा लेख आईंच्या नावानं छापला जाईल. तसं चालत असेल तर आत्ता बोलू. नाहीतर हा चहा घ्या, आणि ‘कलहविचार’ विसरून जा.”

“तुला सहसंपादक करता येईल की,” नवरा पुटपुटला.

“सह नाही, साहाय्य नाही, आभार तर मुळीच नाही.”

“या घरात राहून ही भाषा?” सर ओरडले.

“या घरात राहूनच. भांडणाच्या अभ्यासाला याहून चांगली जागा मला कोण देणार?”

कात्रीबाईंनी चहाचा घोट घेतला. “मला संपादक असा हवा की जो आलेले लेख वाचतो. तेव्हा तुमचं पक्कं. पण आधी छापलेल्या लेखावरचं नाव बदलायचं म्हणजे सरांना लिहून द्यावं लागेल, की लेख त्यांचा नाही.”

सगळ्यांनी सरांकडे पाहिले. सून मनातून खचली. तिला वाटले, इथेच सगळे संपले. हा माणूस जीव देईल पण नाव देणार नाही.

सरांनी चौथा अहवाल हातात घेतला. त्यात खणखणीत भाषेत लिहिले होते की हा लेख लिहिणाऱ्याला विद्यापीठाच्या आवारात पाऊल टाकू देऊ नये. खाली त्यांची सही होती. लेख आपला म्हणावा, तर आपणच आपल्याला आवाराबाहेर काढल्यासारखे होत होते. अहवाल मागे घ्यावा, तर आपण चुकलो म्हणावे लागणार होते, आणि तो शब्द त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी वापरला नव्हता.

“असला पोरकट लेख,” ते कोटाची बटणे लावत म्हणाले, “माझा असणं शक्यच नाही!” आणि त्यांनी सही ठोकून दिली.

वाचकहो, एका बाईचे नाव तिला परत मिळायला नवऱ्याला पश्चात्ताप व्हावा लागतो असा आपला समज असतो. इथे पश्चात्ताप औषधालाही नव्हता. नुसता ताठा होता, आणि त्याच ताठ्याने दार उघडले. प्रत्येक घरातली बाई इतकी सुदैवी नसते. आपल्या कपाटातल्या पुस्तकांची शेवटची पाने एकदा उघडून पाहा. चहाबद्दल कुणाकुणाचे आभार मानले आहेत, आणि त्या चहात काय काय मिसळलेले होते, याचा विचार करा.

त्यानंतर सर बोलायचे थांबले. पहिल्यांदा दारे आपटली. मग मुलामार्फत निरोप सुरू झाले. मग तेही थांबले आणि ते पाठ करून खिडकीशी बसू लागले. हा सगळा क्रम सासूबाईंच्या लेखात टप्प्याटप्प्याने दिलेला होता. सून येता-जाता ताडून पाही आणि कडेला टीप करी. सासूबाई मात्र आता बोलत. दूधवाल्याशी बोलत, मुलाशी बोलत, आलेल्या लेखांवर तर इतके सडकून बोलत की सुनेने त्यांना परीक्षक मंडळावर घेतले.

पहिल्या अंकाची मुद्रिते आली. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती तपासत बसल्या होत्या. सासूबाईंचे बोट स्वतःच्या छापील नावावर क्षणभर थांबले आणि पुढच्या ओळीवर गेले. दारात सावली पडली. सर होते. त्यांनी घसा साफ केला.

“या मौनाच्या लेखाला मला उत्तर द्यायचंय. जळजळीत. पार चिंधड्या उडवणारं. पुढच्या अंकात जागा ठेवा.”

“जरूर द्या, सर,” सून म्हणाली. “नाव झाकून परीक्षण होईल.”

“होऊ दे! मी काय घाबरतो?”

सर तिथेच उभे राहिले. एकदा छताकडे पाहिले, एकदा ओट्याकडे. मग बायकोजवळ येऊन हळूच म्हणाले,

“अगं, तेवढं जरा लिहून दे ना.”